झोप न मोडणारा कॉम्प्युटर

टक्.

एवढाच आवाज झाला. एखाद्या म्हाताऱ्या बाईने जीभ टाळूला लावून नापसंती दाखवावी, तेवढाच. पण दुपारच्या त्या शांततेत तो चांगलाच मोठा वाटला, आणि बिट्टीच्या आईसमोरचं अख्खं अस्वल नाहीसं झालं.

आता ही शांतता म्हणजे साधीसुधी शांतता नव्हती. बिट्टी झोपलेली असतानाची होती. साडेतीन वर्षांची बिट्टी दुपारी झोपली की घरातली मोठी माणसं चोरासारखी वावरत. दाराची कडी बोटांनी धरून सरकवायची, नळाखाली आधी फडकं धरायचं, शिंक आली तर ती बाल्कनीत नेऊन द्यायची. बिट्टीच्या आजोबांची एक शिंक अशी नेता नेता वाटेतच विरली होती, आणि तेव्हापासून आपलं नाक पूर्वीचं राहिलं नाही अशी त्यांची तक्रार होती. पण इलाज नव्हता. बिट्टीची झोप हा त्या घरातला कारखाना होता. ती झोपली की तिची आई कॉम्प्युटरसमोर बसायची आणि चित्रं काढायची. ती उठली की कारखान्याचा भोंगा वाजला, काम बंद.

सध्या कारखान्यात एक अस्वल तयार होत होतं. झोप न येणारं अस्वल. लहान मुलांचं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी चित्रं हिची, आणि मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाखाली हिचं नाव येणार होतं. आजवर हिने चित्रं काढली ती साबणाच्या खोक्यांवर, दातांच्या दवाखान्यातल्या तक्त्यांवर आणि एकदा उंदराच्या औषधाच्या पाकिटावर. तो उंदीर इतका गोजिरवाणा उतरला की गिऱ्हाइकांना औषध घालवेना, आणि कंपनीने पुढचं काम दुसऱ्याला दिलं. पण साबणाच्या खोक्यावर काय किंवा औषधाच्या पाकिटावर काय, चित्रकाराचं नाव कुणी छापत नाही. या पुस्तकावर छापणार होते. त्याचं काय वाटतं हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एवढंच, की मुखपृष्ठ करायला घेतलं तेव्हा अस्वलाच्याही आधी तिने स्वतःचं नाव लिहून बघितलं, मग पुसलं, मग जरा मोठं लिहिलं, आणि मग पुन्हा पुसून मुकाट्याने अस्वलाला लागली.

तर ते अस्वल गेलं, आणि पाठोपाठ कपड्यावर इस्त्री विसरल्यावर येतो तसा वास आला.

कॉम्प्युटरचा यात दोष नव्हता. तो लग्नाआधीचा, म्हणजे तिच्या माहेरून आलेल्या मोजक्या बोलक्या नातेवाइकांपैकी एक. त्याचा पंखा गेली काही वर्षं दळण दळल्यासारखा घरघरायचा. बिट्टी उठू नये म्हणून हिने त्याच्या डब्यावर आधी टॉवेल टाकला, मग बाजूला उशी टेकवली, आणि थंडी पडल्यावर सरळ बिट्टीची तान्हेपणीची दुलई त्याच्याभोवती गुंडाळली. घरघर थांबली. बिचारा आत घुसमटत होता आणि हिला वाटलं, सवयीने शहाणा झाला. आई म्हणून हिने आजवर ज्यांना ज्यांना मायेने पांघरूण घातलं, त्यांतला दगावलेला हा पहिलाच.

अस्वलाची झालेली पानं मात्र शाबूत होती. हिच्या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीची जोडी ठेवायची खोड. किल्ल्यांची जोडी, चष्म्यांची जोडी, टॉर्चची जोडी आणि त्या टॉर्चच्या सेलांचीही. त्याच खोडीपायी तो रोज चित्रं पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायचा. या खोडीला हिने लग्न झाल्यापासून नावं ठेवली होती, ती त्या दुपारी मागे घेतली. मनातल्या मनात. उघड मागे घेतली असती तर तो प्रसंग त्याने वर्षभर पुरवला असता.

बातमी जिन्यावरून खाली जायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे, ते दवाखाना बंद करून आले ते कपाळावरच्या दिव्यासकट. त्यांचं तत्त्वज्ञान असं की या जगात काढून टाकण्याची घाई कुणी करू नये, आधी भरून बघावं. त्यांनी डबा उघडला, दिवा लावला आणि चिमट्याने एकेक ऐवज बाहेर काढायला सुरुवात केली. दुलईचा कापूस निघाला, केसांचा चाप निघाला, एक बटण निघालं, आणि बिट्टीने केव्हा तरी फटीतून आत सारलेलं अर्धं बिस्कीट निघालं. बिट्टी आता उठली होती. तिने ते ओळखलं आणि परत मागितलं. डॉक्टरांनी बराच वेळ आत टकटक करून पाहिलं. मग दिवा विझवला, हात पुसले आणि रोग्याच्या नातेवाइकांशी बोलायच्या सुरात म्हणाले, "मुळापर्यंत गेलंय. आता काढावाच लागेल."

म्हणजे नवा घ्यायचा. इथून खरी गोष्ट सुरू होते. माणूस गेला तर चार लोक येतात, गप्प बसतात आणि निघून जातात. कॉम्प्युटर गेला तर तेच चार लोक येतात, पण गप्प बसत नाहीत.

संध्याकाळी तिने संपादकबाईंना फोन केला. बाईंचा आवाज साखरेत घोळवलेला. महिनाअखेरपर्यंत थांबता येईल, म्हणाल्या, त्यापुढे छापखान्याची पाळी हातची जाईल. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला लहान मूल आहे, मी समजू शकते. झेपत नसेल तर आत्ताच सांगा हं. आमच्याकडे एक जण आहेत, ते आठवड्यात सगळी पानं करून देतात."

"झेपतं," ही म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने तो शब्द मनात दोन-चार वेळा उलटसुलट करून पाहिला. बाई काही वावगं बोलल्या नव्हत्या. म्हणूनच तो अधिक लागला. आठवड्यात अस्वल उरकणारा तो कोण एक जण तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याला मूल नसणार, आणि असलंच तर ते शहाण्यासारखं शाळेत जात असणार.

जेवताना विषय निघाला. नवऱ्याचं म्हणणं, घेऊ या, पण आत्ता नको. पुढच्या काही आठवड्यांत नवीन मॉडेल येतंय, ते आलं की आत्ताचं स्वस्त होईल. आणि ते नवीन आलं की पुढच्याची बातमी येईल, मग हे नवीनही स्वस्त होईल. या हिशेबाने थांबत राहिलं तर एक दिवस कॉम्प्युटर फुकट मिळेल, असं ही म्हणाली. तो विचारात पडला. त्याला ते पटण्यासारखं वाटलं होतं.

धाकट्या दिराला थांबणं मंजूर नव्हतं. तो कॉम्प्युटरवर खेळ खेळायचा आणि त्यामुळे कॉम्प्युटरबद्दल घरात शेवटचा शब्द आपला आहे अशा भ्रमात वावरायचा. "वहिनी, घ्यायचा तर वाघ घ्या," एवढं बोलून त्याने मोबाइलवर त्या वाघाचं चित्र दाखवलं. काळा काचेचा डबा, आत लाल-निळे दिवे, आणि पुढून-मागून पंखेच पंखे. रात्री लावला तर वरून जाणारं विमान चुकून गच्चीवर उतरेल.

राहता राहिले सासरे. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. सबंध नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात गेल्यामुळे एक गोष्ट त्यांच्या हाडीमाशी भिनली होती: वस्तूचं वजन खोटं बोलत नाही. दुकानदार बोलतो, जाहिरात बोलते, वेळ आली तर जावईही बोलतो, पण वजन नाही. जड वस्तू टिकते आणि हलकी वस्तू फसवते. याच तत्त्वावर त्यांनी घरातला पंखा, कपाट आणि, ते स्वतःच म्हणायचे, बिट्टीची आजी निवडली होती. आजी सध्या धाकट्या मुलीकडे गेली होती, नाही तर त्या वाक्याचा निकाल तिथल्या तिथे लागला असता.

असे सगळे सांगत होते. फक्त ज्या बाईला कॉम्प्युटर हवा होता, तिला काय हवंय हे कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते अजून नेमकं कळलं नव्हतं. ती बिट्टीला घास भरवत होती, आणि प्रत्येकाचं बरोबर आहे असं तिला वाटत होतं. हा तिचा जुना आजार.

शनिवारी मंडळी दुकानात गेली. दुकान मोठं, दोन मजली. खाली धुलाईयंत्रं आणि फ्रिज, वर टीव्ही आणि कॉम्प्युटर, आणि सगळीकडे वातानुकूलनाची एकसुरी हुं हुं. भिंतीवरच्या पंचवीस-तीस टीव्हींवर एकच पोपट एकाच वेळी उडत होता. दुपारची वेळ असल्यामुळे बिट्टी वाटेतच गाडीत पेंगली आणि आता आईच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती.

टाय लावलेला विक्रेता समोर आला. त्याचा पहिला प्रश्न: वापर घरगुती की व्यावसायिक?

"घरगुतीच," नवरा म्हणाला. "घरी बसून चित्रं वगैरे काढते ही."

त्या 'वगैरे'त साबणाची खोकी होती, तो दुर्दैवी उंदीर होता आणि न झोपणारं अख्खं अस्वल होतं. बिट्टीच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. तो निरागस होता. निरागस माणसाशी भांडता येत नाही ही संसारातली मोठी अडचण आहे. तिने बिट्टीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

टायवाल्याने घरगुती कॉम्प्युटरांच्या रांगेकडे हात केला. तेवढ्यात सासऱ्यांनी पिशवीतून ताणकाटा काढला. आकड्याला दोरीचा फास करून त्यांनी हारीतला पहिला लॅपटॉप अलगद उचलला, तो तराजूतल्या कोंबडीसारखा लोंबकळायला लागला. सासरे डोळे बारीक करून काट्याकडे बघत म्हणाले की पाटीवर लिहिलंय त्यापेक्षा हा भरतो कमी. टायवाल्याने ती पाटी हळूच उलटी करून ठेवली. जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला रखवालदार दोन पावलं पुढे आला, पण काट्यावरचा सरकारी शिक्का पाहून पुन्हा मागे गेला.

आता बिट्टीच्या आईने पहिल्यांदा काही मागितलं. तिला आपलं चित्र त्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचं होतं. जंगलाचं पान. त्यातल्या झाडांचं प्रत्येक पान, प्रत्येक फांदी वेगळ्या थरावर काढलेली, त्यामुळे ती फाइल उघडताना जुन्या कॉम्प्युटरला धाप लागायची. ते जंगल ज्याला पेलेल तो कामाचा, एवढं तिला नक्की माहीत होतं. टायवाला म्हणाला, बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायची परवानगी नाही. परवानगी कोण देतं? व्यवस्थापक. व्यवस्थापक कुठे आहेत? जेवायला.

व्यवस्थापक जेवून आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की विनंतीअर्ज द्यावा लागेल. कुणाच्या नावे? माझ्या नावे. मंजूर कोण करणार? मीच. मग आता तोंडी सांगितलंच आहे की, असं दीर म्हणाला, तेव्हा व्यवस्थापक दुखावले. तोंडी विनंती मला ऐकू येते, म्हणाले, मंजूर करता येत नाही.

इतका वेळ त्या दुकानात सासऱ्यांना कुणी आपलं माणूस भेटलं नव्हतं. ते भेटलं. "अगदी बरोबर आहे साहेबांचं," म्हणत ते खुर्चीत बसले, कागद मागून घेतला आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हाताला तो जुना डौल आला. विषय: दुकानातील कॉम्प्युटरवर अस्वल पाहण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. अर्जदाराचं नाव लिहिलं. मग व्यवसाय. तिथे त्यांची लेखणी थबकली. नवरा काही तरी सुचवायच्या बेतात होता, पण सासऱ्यांनी आयुष्यात अर्जातला रकाना रिकामा सोडला नव्हता आणि खोटाही भरला नव्हता. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: चित्रकार. खाली दुहेरी रेघ मारली.

नवऱ्याने ते वाचलं. आपण मघाशी काय बोललो ते त्याला आठवलं असावं, कारण त्याने कारण नसताना बिट्टीचा निसटलेला बूट नीट केला.

अर्ज मंजूर झाला. पहिला मान दिराच्या वाघाला. पेन ड्राइव्ह लावला, जंगल उघडायला सुरुवात झाली, आणि वाघ जागा झाला. आधी एक पंखा, मग दुसरा, मग सगळे. दिवे लाल झाले. टेबलावरची माहितीपत्रकं फडफडायला लागली. दीर अभिमानाने काही तरी सांगत होता, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. जंगल मात्र क्षणात उघडलं, अगदी शेवटच्या पानापर्यंत.

बिट्टीही उघडली. खांद्यावरून ताठ झाली, म्हणाली, "आई, विमान आलं," आणि तिने भोकाड पसरलं.

आणि त्या भोकाडात तिच्या आईला उत्तर सापडलं. इतके दिवस जे जिभेवर येऊन परत जात होतं ते लख्ख समोर उभं राहिलं. तिने बिट्टीला थोपटत टायवाल्याला सांगितलं:

"मला शांत कॉम्प्युटर हवाय. ही झोपते तेव्हा मी काम करते, ही उठली की माझं काम संपतं. बाकी तुम्ही सगळे सांगता ते बरोबरच असेल. पण जो हिला उठवेल, तो मला फुकट दिला तरी नको."

टायवाल्याने माहितीपत्रकं चाळली. त्यांत वेग होता, रंग होता, वजनसुद्धा होतं, पण मुलांच्या झोपेबद्दल एक ओळ नव्हती. मग तो खरं तेच म्हणाला, की आवाजाचं इथे कळणार तरी कसं, इथे सगळंच वाजतंय.

"मग इथलं बंद करा," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजातला तो ठामपणा ऐकून ती स्वतःच जरा दचकली. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं. सासऱ्यांनी आधीच दुसरा कागद पुढे ओढला होता आणि विषय लिहायला घेतला होता: शांतता मिळणेबाबत. व्यवस्थापकांनी त्या कागदाकडे पाहिलं, दुहेरी रेघेकडे पाहिलं, आणि त्या नोकरीत बहुधा पहिल्यांदाच तोंडी मंजुरी दिली.

पोपट विझले. वातानुकूलन थांबलं. खाली एक जोडपं मिक्सर चालवून बघत होतं, त्यांना हात जोडून थांबवण्यात आलं. बिट्टीची आई खाली उतरून फ्रिजच्या रांगेतून येरझाऱ्या घालायला लागली, थोपटत, कानाशी पुटपुटत. अस्वलाला झोप येत नव्हती. मग ते खारीकडे गेलं. मग घुबडाकडे गेलं. घुबड म्हणालं, मला रात्रीचं काय विचारतोस, माझी तर कामाची वेळ आहे. मिक्सरवाली बाई जवळ येऊन ऐकत उभी राहिली. पुढे काय झालं, असं तिने खुणेने विचारलं. बिट्टीची मान घसरली, श्वास लांब झाला. रखवालदाराने बूट काढून हातात घेतले. उगाच वाजायला नकोत.

परीक्षा सुरू झाली. पुन्हा वर, कॉम्प्युटरशेजारच्या स्टुलावर आई, तिच्या खांद्यावर बिट्टी, भोवती दुकान.

पहिला नवऱ्याने वाचून वाचून निवडलेला. जंगल अर्ध्यावर आलं आणि त्याने डासासारखी बारीक शीळ घातली. बिट्टीचं नाक हललं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या, नवऱ्यानेही, जरा उशिरा. दुसरा बराच वेळ गप्प होता, सासऱ्यांचा लाडका, भरपूर जड. पण जंगलाच्या टोकाला पोहोचला आणि खाकरला, तब्येतीने, सासरेच खाकरतात तसा. बिट्टीचा एक डोळा किलकिला झाला. आईने हात वर केला. बाद.

तिसरा कोपऱ्यात होता, राखाडी रंगाचा ठोकळा, विटेपेक्षा जरा मोठा. ना दिवे, ना डौल. टायवाल्याने तो दाखवायचंही मनात आणलं नव्हतं. व्यावसायिक लोक नेतात हा, एवढंच कुजबुजला. पेन ड्राइव्ह लागला. पडद्यावर एक झाड आलं, मग दुसरं, मग झाडी, मग फांद्यांमधून दिसणारं आभाळ, आणि त्याखाली डोळे टक्क उघडे ठेवून बसलेलं अस्वल. आवाज नाही. दिराने ठोकळ्याला कान लावला आणि ओठांनीच विचारलं, चालू आहे ना? तिने जंगल मोठं केलं, लहान केलं, उलटं केलं, सगळी पानं एकदम हलवली. आवाज नाही. बिट्टी झोपलेली.

आणि नेमका तेव्हा टायवाल्याचा मोबाइल वाजायला लागला. गाण्याची पहिली कर्कश ओळ वाजते न वाजते तोच त्याने जिन्यावरून खाली धाव घेतली, मोबाइल समोरच्या धुलाईयंत्रात टाकला आणि वर झाकण लावून त्यावर बसला. यंत्राच्या पोटातून गाणं बराच वेळ पुसटसं येत राहिलं. बिट्टीने एक मोठा उसासा टाकला, आईच्या खांद्यावर गाल घासला आणि मान दुसऱ्या बाजूला टाकली.

मिक्सरवाल्या बाईने आवाज न करता टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, तळहाताला तळहात न लावता.

नवरा पुढे झुकला. "पण पुढच्या महिन्यात याचंच..." एवढं तो म्हणाला आणि बायकोचा चेहरा पाहून थांबला. पावती करताना टायवाल्याने कुजबुजत पुन्हा तोच प्रश्न विचारला, घरगुती की व्यावसायिक, आणि या वेळी उत्तर द्यायला नवऱ्याने अजिबात वेळ घेतला नाही.

"व्यावसायिक," तो म्हणाला. "त्या चित्रकार आहेत."

'त्या' ऐकून तिला हसू आलं. पण तिने ते बिट्टीच्या केसांत लपवलं, कारण सोडलं असतं तर बिट्टी उठली असती.

सासरे मात्र खिन्न होते. ठोकळा फारच हलका भरला होता. पण मग टायवाल्याने तो थर्मोकोलात घातला, थर्मोकोल खोक्यात घातलं, वर सोबत घेतलेल्या नव्या मॉनिटरचं खोकं बांधलं, आणि सासऱ्यांनी ते अख्खं गाठोडं काट्याला लावलं. काटा सर्रकन खाली गेला. "आता कसं," ते म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण घरी येऊन मॉनिटर लावला, अस्वल उघडलं, आणि बिट्टीची आई पडद्याला नाक लावून बघायला लागली. तिचं तपकिरी अस्वल वांग्याच्या रंगाचं झालं होतं. दुकानातल्या झगझगाटात ते लक्षात आलं नव्हतं. मधाचं पोळं हिरवट, चंद्र आजारी, आणि खार अशी दिसत होती की तिला बघून घुबडानेच डॉक्टर बोलवावा.

डॉक्टर आलेच, खालचे. त्यांचं मत पडलं की आधी डोळे तपासून घ्या. नवऱ्याने थांबण्याबद्दल आपण काय म्हणालो होतो याची आठवण करून दिली. दिराने मॉनिटरच्या बटणांशी खटपट करून तो चांगला पिवळा केला, आणि काय आश्चर्य, अस्वल पूर्ववत. "झालं, वहिनी," तो म्हणाला. "पिवळाच ठेवायचा."

सगळे सुटकेचा निःश्वास टाकून पांगले. ती तिथेच बसून राहिली. क्षणभर तिलाही मोह झाला. मग कोडं उलगडलं. जुना मॉनिटर वर्षागणिक पिवळा पडत गेला होता, इतका हळू की तिला ते दिसलंच नाही, आणि तो पिवळा तितकी ही हळूहळू चित्रात निळा ओतत गेली. नवा मॉनिटर खोटं बोलत नव्हता. आणि मॉनिटर पिवळा करता आला, तरी छापखान्यातला कागद कोण पिवळा करणार? पुस्तक निघेल तेव्हा वांगंच निघेल, मुखपृष्ठावर, तिच्या नावासकट.

तिने दिराची पिवळी करणी पुसली. बिट्टीचं जुनं कापडी अस्वल आणून मॉनिटरला टेकवून बसवलं, आणि पहिलं पान उघडलं.

पुढचे दिवस कारखाना धडाक्याने चालला. दुपारी बिट्टी झोपायची, राखाडी ठोकळा तिच्यासारखाच मुकाट श्वास घ्यायचा आणि आई एकेक अस्वल पुन्हा तपकिरी करायची, कापडी अस्वलाकडे बघत. घरातल्या लोकांना ती काम करतेय की नाही तेच कळेना. सासरे दोनदा येऊन ठोकळ्याला बोट लावून गेले, गरम आहे का ते बघायला. नवऱ्याने बिट्टीला रविवारी बागेत नेलं, न सांगता, आणि परत आणताना लांबून आणलं. दिवसाची पानं झाली. रात्रीची पानं राहिली, तेव्हा तिने ती सगळी शेजारी शेजारी मांडली आणि हात मागे घेतला. निळ्या अंधारात ते जांभळं अस्वल एकटंच बसलं होतं, झोप न येणाऱ्या माणसाला रात्र दिसते तशाच रात्रीत. चुकून उतरलं होतं, पण इतकं नेमकं तिला ठरवून जमलं नसतं. तिने त्यातला फक्त चंद्र बरा केला आणि रात्री तशाच ठेवल्या.

पानं महिनाअखेरच्या आधी गेली. संपादकबाईंचा फोन आला तेव्हा ती भांडी पुसत होती. बाई म्हणाल्या की दिवस तपकिरी आणि रात्र निळी, हे तुम्हाला सुचलं तरी कसं. आठवड्यात पुस्तक उरकणाऱ्या त्या गृहस्थांना म्हणे ती पानं दाखवली, आणि त्यांनी रात्रीची पानं पुन्हा मागून घेऊन पाहिली. पुढचं पुस्तक हत्तीचं आहे, कराल का? झेपतं का, असं या वेळी त्यांनी विचारलं नाही. ती म्हणाली, "हत्ती आवाज करत नसेल तर करते."

छापखान्यातून नमुन्याची पानं आली तेव्हा बिट्टी जागी होती. आईने तिला मांडीवर घेतलं आणि खिडकीपाशी पानं पसरली. मुखपृष्ठावर अस्वल होतं, तपकिरी, आणि त्याच्या पायाशी तिचं नाव. सासऱ्यांनी ते लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं, मग नकळत हातात तोललं. दिराने फोटो काढला. नवरा म्हणाला की याच्या दोन प्रती घेऊन ठेवू.

बिट्टीने कापडी अस्वल पानावर ठेवलं. रंग जुळला. तिने मॉनिटरकडे बघितलं, तिथेही जुळला. आईने तिला सांगितलं की आधी आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये सगळं पिवळं दिसायचं आणि आपल्याला कळतच नव्हतं, म्हणून मग अस्वलाला शेजारी बसवून रंग बरोबर करून घेतला. बिट्टीने ते गंभीरपणे ऐकून घेतलं. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते, आणि त्यांच्यावर खूप वरपर्यंत आभाळ होतं, कुठे निळं, कुठे जरा पांढरं.

"आई," ती म्हणाली, "आणि याचा रंग बरोबर आहे ना? याच्या शेजारी कुणाला बसवलं होतं?"